फुंकरीवर बसलेले किल्लेदार

कातडी पखालीनं गडावर पाणी वाहता वाहता दावल म्हातारा झाला होता. एके सकाळी चढावर त्याला धाप लागली आणि तो किल्लेदार अमृतरावांच्या पुढ्यातच मटकन बसला.

अमृतराव चांगले जाडजूड गृहस्थ. ते हसून म्हणाले, "तुझ्या फुंकरीनं आता दिवासुद्धा विझायचा नाही. उद्या बायकोला घेऊन गड सोड."

दावलनं मान खाली घातली. त्याची बायको चांदबी मात्र पुढं झाली.

"दिवा राहू द्या, सरकार. हे फुंकरीनं तुम्हालाच उचलतील. उचललं तर आम्हाला इथंच राहू द्याल?"

"राहा की खुशाल!"

चांदबीनं रिकामी पखाल जमिनीवर पसरली, वर रुंद फळी ठेवली आणि पखालीच्या तोंडाशी बोरूची नळी घट्ट बांधली. अमृतराव फळीवर ऐसपैस बसले. दावल हळूहळू फुंकू लागला. त्याला खोकला आला की चांदबी नळीवर अंगठा दाबून धरी आणि दुसऱ्या हातानं त्याची पाठ चोळी. पखाल फुगत गेली आणि किल्लेदारांचे पाय जमिनीवरून सुटले.

"ही काय करणी?" ते ओरडले.

"करणी नाही, सरकार," चांदबीनं नळीवर अंगठा दाबल्यावर दावल म्हणाला. "बोटभर जागेला फुंकर थोडंसंच रेटते. पण या फळीखाली तशा शेकडो जागा आहेत, आणि ती सगळ्यांना सारखीच रेटते."

अमृतराव ओशाळून म्हणाले, "उद्यापासून पाणी बैल वाहील. तू नुसता बैल हाक. आता उतरवा मला."

चांदबीनं अंगठा एकदम काढला नाही. किल्लेदार अगदी अलगद खाली आले.