बारीक होण्याचं काम

देवळगढच्या राजेसाहेबांचा अंगरखा तिसऱ्यांदा उसवला आणि गदा आली ती नागोपंत वैद्यांवर. "आठ दिवसांत आम्हाला बारीक करा, नाहीतर राजवैद्यकी सोडा!"

नागोपंतांचं स्वतःचं पोट असं, की रोग्याची नाडी बघायला वाकले तरी धाप लागायची. हा माणूस दुसऱ्याला काय बारीक करणार, हे गावाआधी त्यांनाच ठाऊक होतं.

आठ दिवस ते राजवाड्यात लोडाला टेकून नुसते बघत बसले. राजेसाहेबांच्या पायात जोडे घालायला एक हुजऱ्या, पाण्याचा पेला तोंडाशी धरायला दुसरा, पडलेला रुमाल उचलायला तिसरा.

नवव्या दिवशी राजेसाहेब भर दरबारात गरजले, "कुठं उतरलंय वजन?"

"उतरलंय की, सरकार!" नागोपंतांनी त्या तीन काटकुळ्या हुजऱ्यांकडे बोट दाखवलं. "सगळी कामं आपण यांच्यावर सोपवलीत, त्यात बारीक व्हायचं कामही गेलं. बघा, किती इमानाने केलंय!"

राजेसाहेब लालबुंद झाले, मग कण्हत वाकले आणि पायाशी पडलेला रुमाल त्यांनी स्वतः उचलला. "आणि वैद्यबुवा, तुमचं काय हो? तुमच्याकडे तर एकही नोकर नाही."

"नाही, सरकार," नागोपंत पोटावरून हात फिरवत म्हणाले, "पण बायको आहे."

घरी येऊन ओसरीवर बसताच ते सवयीने ओरडले, "अगं, पाणी आण!"

बायकोने रिकामी कळशी आणि दोर आणून पुढ्यात ठेवला. "विहीर परसात आहे. दरबारातली गोष्ट तुमच्याआधी घरी पोचलीय, आणि तीसुद्धा चालतच आली."