टिकल्याचा पहिला पोळा

फार जुनी गोष्ट, गुरं आपापसांत मोकळेपणाने बोलायची तेव्हाची. मोरी गाईच्या टिकल्या नावाच्या गोऱ्ह्याचा तो पहिलाच पोळा. गळ्यातली घुंगुरमाळ वाजली आणि तो थरथरायला लागला. पाठीवर झूल पडताच दावं तोडायला निघाला.

“नुसते लाड!” म्हातारा बैल हौशा फुरफुरला. “आम्ही नाही मिरवलो?”

मोरी मान खाली घालून उभी राहिली.

शेजारची भुरी म्हैस म्हणाली, “टिकल्या, काय होतंय ते तूच सांग.”

“घुंगरं डोक्यात वाजतात, मावशी. आणि झूल कुसळांसारखी टोचते.”

भुरीने दातांनी माळेचा दोरा तोडला, शिंगाने झूल खाली ओढली आणि आपलं जड अंग त्याला घट्ट टेकवलं. दुसऱ्या बाजूने मोरीही टेकली. दोघींच्या मधे दाबून उभा राहिलेला टिकल्या हळूहळू शांत झाला आणि चक्क समोरची पुरणपोळी खायला लागला. मोरीने सुटकेचा निःश्वास सोडला.

हौशा भुरीच्या जवळ सरकला. मग हळूच म्हणाला, “भुरे, माझाही दोरा तोडतेस? बारा पोळे झाले, माझ्याही डोक्यात वाजतायत.”