न कोसळलेला उतार

काळ कोणता होता ते आता कुणाला सांगता येणार नाही, पण फार पूर्वी उंच डोंगरांच्या राज्यात एक विणकर राहत होता. त्याची एकुलती लेक खिंडीपलीकडच्या गावी नांदत होती. तिला आई नव्हती. तिचे दिवस भरत आले होते, आणि बाळंतपणाला बाबांनी जवळ असावे, असा तिने निरोप पाठवला होता.

विणकर तूप, गूळ आणि स्वतः विणलेले मऊ दुपटे घेऊन निघाला. सोबत त्याची धाकटी बहीण होती.

त्या राज्यात एक रीत होती. बर्फाच्या उतारावर पाऊल टाकण्याआधी कडेला खड्डा खणून, बर्फाचे थर घट्ट आहेत की कोसळतील, ते पाहायचे. सोबतच्यांपैकी एकजण जरी नको म्हणाला, तरी सगळ्यांनी मागे फिरायचे.

दोघे खिंडीखाली आले तेव्हा लख्ख ऊन पडले होते. समोरच्या उतारावर रानबकऱ्यांच्या खुरांची माळ उमटली होती. बहिणीने खड्डा खणला. वर वाऱ्याने आणून टाकलेला ताजा, जड बर्फ होता. खाली मात्र साखरेसारखा सुटा थर, मुठीत धरला तर बोटांतून गळणारा. तिने जपून पाय दाबला, तसा बर्फाच्या आतून धप्प असा दबका आवाज आला.

"दादा, नको," ती म्हणाली.

विणकराने खुरांकडे बोट दाखवले. "बकऱ्या गेल्याच ना? तू तर दूध उतू गेले तरी दचकतेस."

"दचकते. तरी नको."

रीत मोडता येत नव्हती. दाट देवदारांनी भरलेल्या डोंगरधारेवरून ते लांबच्या वाटेने निघाले. विणकर दर वळणाला मागे पाहायचा. उतार जागच्या जागी होता.

ते पोहोचले तेव्हा लेक बाळंत झाली होती. शेजारणींनी सारे नीट निभावले होते. विणकर दारातच थांबला.

"तुझ्या आत्यामुळे उशीर झाला," तो म्हणाला. "उतारावरचे एक ढेकूळही हलले नाही."

लेक दमलेली होती. ती हळूच म्हणाली, "कळा येत होत्या तेव्हा दार वाजले की वाटायचे, बाबांची वाईट बातमी आली. तुमचा उशीर सोसला मी. ते सोसले नसते."

तिने बाळ त्याच्या हातांत दिले. बाळाने त्याचे गारठलेले बोट धरले आणि सोडेना. त्यांच्या पावलांनी उतार कोसळला असता की नसता, हे विणकराला कधीच कळणार नव्हते. बोटाभोवतीची ऊब मात्र कळत होती. त्याचे डोळे भरून आले. तो वळला आणि त्याने बाळ बहिणीच्या मांडीवर ठेवले.

"अरे दादा, आधी तू तरी डोळे भरून बघ."

"बघेन सावकाश. तुझ्यामुळे आता वेळच वेळ आहे मला."

तो उतार त्या हिवाळ्यात कोसळलाच नाही. उन्हाळा लागल्यावर त्यावरचा बर्फ थेंबाथेंबाने वितळून गेला. पण विणकराने बहिणीला पुन्हा कधी भित्री म्हटले नाही, आणि नातवाला ही गोष्ट सांगताना तिचे नाव नेहमी आधी घेतले.

लहानांनो आणि थोरांनो, जे संकट आपल्यावर आलेच नाही, त्यापासून वाचवणाऱ्याचेही उपकार मानावेत.