रिकाम्या खुर्चीवरची छत्री

“साहेबच नाही, तर नाटक कसलं, नाना?”

एबोने साहेब होणाऱ्याच्या तोंडाला फासायचा पांढरा खडू भिरकावून दिला.

ही गोष्ट आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची, गोऱ्या साहेबाचा अंमल होता तेव्हाची. त्या मुलखातही वडीलधाऱ्याला नानाच म्हणतात. हा नाना, नाव अत्ता, गावोगाव खेळ करत म्हातारा झालेला. त्याच्या ढोलावर थाप पडली की खेळ सुरू होई. शेवटची थाप पडेपर्यंत तो संपत नसे.

एबो त्याचा शिष्य. साहेबाच्या कॉलेजात शिकून आलेला. कोकोची पोती वाहणाऱ्या हमालांवर त्याने नाटक लिहिलं होतं. संध्याकाळी पहिला खेळ, आणि सकाळीच चपरासी हुकूम सांगून गेला. काळ्या माणसाने रंगमंचावर गोरा साहेब व्हायचं नाही. जो होईल तो तुरुंगात जाईल.

नाना उठला. एक खुर्ची ओढत मधोमध आणून ठेवली.

“हा साहेब.”

“ही खुर्ची आहे, नाना.”

“हं.”

“रिकामी! बोलणार कोण?”

“आपला राजा बोलतो का रे लोकांशी?”

 राजा दरबारात पुटपुटतो आणि शेजारचा दंडधारी ते मोठ्याने सांगतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

“सकाळचा हुकूम कुणी सांगितला?”

“चपराशाने.”

“गोरा होता?”

“...नाही.”

“मग झालं. तो चपरासी तू कर.”

एबोचा चेहरा उतरला. “मी? मी हमालांचा पुढारी आहे नाटकात! लिहिलंय मी!”

“पुढारी क्वामिना करील. पोती वाहून त्याच्या मानेला घट्टे आहेत. साहेबाची भाषा कुणाला येते? तुलाच ना?”

आणि नानाने त्याच्या हातात एक मोठी छत्री दिली. तिकडे राजाच्या डोक्यावर धरतात तशी.

संध्याकाळी मांडव भरला. खरा साहेब पुढच्या रांगेत, हमाल मागे, उभे.

एबोने रिकाम्या खुर्चीवर छत्री धरली. वाकून कान दिला. मान डोलावली, मग वळून गरजला, “साहेब म्हणतात, पोतं हलकंच आहे. तुमच्या माना बारीक!”

मागे हशा फुटला. साहेबही हसला. मग लोक एकदा खुर्चीकडे आणि एकदा त्याच्याकडे बघायला लागले, तसं त्याचं हसू विरलं.

एबो मात्र आपल्याच आवाजाने दचकला. हा आवाज त्याने तालमीत बसवला नव्हता. शिकून परतताना बोटीतून उतरला त्या दिवशी, पेटी उचलणाऱ्या हमालाला त्याने याच आवाजात दटावलं होतं.

शेवटी क्वामिनाने पाठीवरचं पोतं खाली टाकलं.

“कुठाय साहेब? दाखव.”

इथे एबोने धमकी द्यायची होती. शब्द त्याचेच होते, पण तोंडातून फुटेनात. 

त्याने हळूच छत्री मिटली.

दिव्याचा उजेड खुर्चीवर पडला. ती नुसतीच खुर्ची होती.

मग जो कल्लोळ उठला! हमालांनी मुंडाशी उडवली, बायांनी टाळ्यांचा कडकडाट केला. साहेब ताडकन उठला. पण पकडणार कुणाला? रंगमंचावर कुणी साहेब झालाच नव्हता. हॅट चढवून तो बाजूच्या वाटेने निघून गेला.

लोकांनी एबोला खांद्यावर घेतलं. नाचवलं. मिरवून मिरवून शेवटी त्याच खुर्चीवर आणून बसवलं. क्वामिनाला तर आनंद मावेना. त्याने छत्री उघडली आणि एबोच्या डोक्यावर धरली.

“जिंकलो, नाना!” एबो ओरडला. “वाजवा आता, वाजवा!”

नानाचा हात ढोलावर होता, पण थाप पडेना.

“नाना?...”

म्हातारा छत्रीकडे बघत होता.

एबोनेही वर पाहिलं. तीच छत्री, आणि खाली तीच खुर्ची.

मग तो खुर्चीवरून उतरला. क्वामिनाच्या हातातली छत्री घेतली आणि मिटली.

“बस, क्वामिना. दमला असशील.”

“मी?” क्वामिना खो खो हसला. “अन् छत्री कोण धरणार, एबोराव? तुम्ही?”

“कुणीच नाही.”

क्वामिना बसला. पाय लांब करून, ऐसपैस.

नानाच्या बोळक्या तोंडावर हसू पसरलं. त्याने ढोल मांडीवर ओढला आणि अशी थाप दिली की मांडव हादरला.

“आता संपलं नाटक.”