वृंदाच्या हातची गोळी

एकदा एका वृद्ध नेत्रवैद्यांकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांचा एक व्यापारी आला. भांडे नुसते वाजवून पारखणारा हा माणूस चष्म्यापुढे मात्र हात टेकून बसला होता. खिशातून मुलीचा फोटो काढून तो म्हणाला, "डॉक्टर, वृंदाचा चेहरा अंधुक दिसतो हो. दोन-तीन दुकानांतून चष्मे केले, सगळे कुचकामी. तुम्ही तरी नीट नंबर काढा."

वैद्यांच्या शिष्येने त्याचा रक्तदाब मोजला. तो बराच चढलेला होता. दवाखान्यात माणसे धास्तावतातच, असे मनाशी म्हणत तिने नंबर तपासायच्या काचा पेटीतून बाहेर काढल्या. वैद्यांनी तिला थांबवले. डोळ्यात थेंब घालून त्यांनी आतल्या पडद्याचे छायाचित्र घेतले आणि तिथल्या धमनीची व शिरेची रुंदी तिच्याकडूनच मोजवून घेतली. धमनी शिरेच्या दोन-तृतीयांश तरी असायला हवी. इथे ती निम्मीही भरेना.

नंबर लिहायचा सोडून वैद्यांनी व्यापाऱ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. शिष्या बुचकळ्यात पडली.

"रक्तदाबाच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत?" त्यांनी विचारले.

व्यापारी चपापला. "बंद कशा? दर महिन्याला आणतो की!" त्याने गोळ्यांचे न फोडलेले पाकीट पुढे केले. मग फोटोकडे पाहत तो म्हणाला, "रोज सकाळी वृंदा हातावर गोळी ठेवायची. तिनं मनासारखं लग्न केलं, मी रागाच्या भरात घराचं दार बंद केलं. म्हटलं, आता येईल तेव्हा तिच्याच हातून घेईन. आपल्या हातानं घेतली, तर ती येणार नाही हे कबूल केल्यासारखं होतं हो."

शिष्येने काचा परत पेटीत ठेवल्या.

"बाळ," वैद्य तिला म्हणाले, "दंडावरचा पट्टा आजचा दाब सांगतो. ही धमनी गेल्या कित्येक वर्षांचा सांगते. सोसून सोसून ती आकसली, पडद्याला सूज आली. काचा बदलून ती उतरायची नाही." मग ते व्यापाऱ्याकडे वळले. "शेठजी, वाट जरूर पाहा. पण लेक समोर उभी राहील, तेव्हा तिचा चेहरा दिसायला नको का? गोळी घ्या, आणि आजच तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा."

"ती येईल का हो?"

"ते मला डोळ्यात दिसत नाही."

व्यापाऱ्याने पाकीट फोडले. तळहातावरच्या गोळीकडे तो कितीतरी वेळ पाहत राहिला. मग ती तोंडात टाकून पाणी प्यायला, आणि डोळे पुसत त्याने शिष्येला विचारले, "पोरी, सांगलीची गाडी कुठून सुटते गं? वृंदाचं सासर तिथंच आहे."