अमात्याचे परस आणि राजाचे जाळे

पूर्वी वैजवती नगरीवर पृथुधर राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या दरबारात अमात्य होता. नाव भद्रसेन. दिवसभर राज्यकारभारात डोके घालणारा हा गृहस्थ उन्हाळा लागला की भल्या पहाटे उठून घरामागच्या परसात स्वतः पाणी भरीत असे. घरात दासदासी होत्या, पण हे काम तो कोणाला करू देत नसे.

मातीचे पसरट परळ तो कडुनिंबाच्या सावलीत ठेवी. परळात एक दगड टाकी, म्हणजे लहान पाखरांना उभे राहता येई. एक कोपरा तो मुद्दाम झाडू देत नसे. तिथल्या धुळीत चिमण्या लोळत. करवंदीचे झुडूप कापू देत नसे. त्यात बुलबुल घरटे करीत. त्याची बायको मंदारिका वैतागून म्हणे, "अहो, हे अमात्याचं परस आहे की रान? पाहुणे आले की मला मागचं दार लावून घ्यावं लागतं!" भद्रसेन नुसता हसे आणि मूठभर कण्या आणखी टाकी.

साळुंक्या भांडतच येत. तांबट वरच्या फांदीवरून टुकटुक करी. एक दयाळ तर इतका धीट झाला होता की भद्रसेनाच्या पायाशी परळाच्या काठावर बसे आणि पाणी पिऊन झाले की शीळ घाली. खरे सांगायचे तर त्या माणसाला दुसरे सुखच नव्हते. दरबारातली सगळी कटकट तो त्या शिळेत विसरून जाई.

एकदा राजा सल्ला घ्यायला सकाळीच त्याच्या घरी आला. पृथुधर मनाने वाईट नव्हता, पण भारी उतावळा. एखादी गोष्ट हवी म्हटली की हवीच. परसात पाऊल टाकताच तो थक्क झाला.

"भद्रसेना, माझ्या एवढ्या मोठ्या उद्यानात एक पाखरू फिरकत नाही, आणि तुझ्या या कचऱ्यात बाजार भरलाय! हे काय गौडबंगाल आहे?"

"गौडबंगाल कसलं, महाराज! आपलं तळं खोल आहे, चिमणी प्यायला गेली तर बुडायची. माळी वाळकं पानही राहू देत नाहीत, पहारेकरी हाका मारत हिंडतात. एक कोपरा मोकळा सोडा, उथळ पाणी ठेवा. येतील आपणहून."

"कधी?"

"ते त्यांचं ते ठरवतील. कदाचित पुढच्या उन्हाळ्यात."

"छे! तोवर कोण वाट बघत बसतो?" राजा म्हणाला. "उद्या सकाळी कंबल पारध्याला घेऊन येतो. ही सगळी पाखरं माझ्या पक्षीगृहात हवीत. तू वाईट वाटून घेऊ नकोस, महामात्याचं पद तुला दिलं."

"मला ते पद नको, महाराज. पाखरं मी धरू देणार नाही."

"धरू न देणारा तू कोण? राज्य माझं, त्यातली पाखरंही माझी." एवढे बोलून राजा सल्ला न घेताच निघून गेला.

भद्रसेन दुपारभर विचार करीत बसला. पाणी ठेवले नाही तरी पाखरे सवयीने येणारच. जंगलातले पाखरू पारध्याला दुरूनच ओळखते, पण या परसात त्यांनी कधी भीती पाहिलीच नव्हती. जाळ्याखाली ती खुशाल येऊन बसली असती.

"मग तुम्ही करणार तरी काय?" मंदारिकेने विचारले.

"त्यांना माझी भीती वाटायला हवी."

रोज कटकट करणारी तीच बाई, पण आज पाखरांसाठी बोलली. "अहो, मग ती परत कधीच येणार नाहीत."

"नाही येणार. पण मोकळी राहतील."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता राजा आला. कंबलाने सराईत हाताने जाळे कडुनिंबाला बांधले आणि दोरी धरून भिंतीआड दबा धरून बसला. राजा ओसरीवर बसला. भद्रसेन हातात काशाची थाळी आणि लाकडी दांडा घेऊन त्याच्यापुढे उभा राहिला.

"महाराज, मी चोरून काही करणार नाही. आपल्या आज्ञेच्या आड येतो आहे. शिक्षा द्याल ती भोगीन."

राजाला काही कळायच्या आत तो परसात उतरला. पाखरे जमली होती. भद्रसेनाने थाळी बडवायला सुरुवात केली. तो ओरडत होता, धावत होता, ढेकळे उचलून भिरकावत होता. चिमण्यांचा थवा भुर्रकन उडाला. बुलबुल झुडपातून निसटले, साळुंक्या किंचाळत पळाल्या. कंबलाने घाईने दोरी ओढली, पण जाळ्याखाली फक्त धूळ होती.

दयाळ तेवढा गेला नाही. तो भिंतीवर जाऊन बसला, मान वाकडी करून भद्रसेनाकडे पाहू लागला आणि पुन्हा परळाच्या काठावर येऊन उतरला. या माणसाकडून आपल्याला काही होईल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. कंबल दुसरे लहान जाळे उलगडू लागला.

भद्रसेनाने ढेकूळ उचलले आणि नेम धरून फेकले. ते दयाळाच्या पंखाला घासून गेले. दयाळ चिरकला आणि जो उडाला तो दिसेनासा झाला. भद्रसेन मटकन खाली बसला आणि सगळ्यांसमोर रडला.

राजा संतापून खाली आला. "मूर्ख माणसा! माझ्या उद्यानात येऊन तुला रोज ती पाहता आली असती. आता ना तुला, ना मला!"

"महाराज, कंबलाचं जाळं तर कालच विणलं असेल," भद्रसेन म्हणाला. "खरं जाळं मीच रोज विणत आलो होतो, ते म्हणजे त्यांचा माझ्यावरचा विश्वास. तेवढं तोडलं."

राजाने त्याची अमात्यपदाची मुद्रा काढून घेतली, त्याला दरबार बंद केला आणि तो निघून गेला.

परस ओस पडले. तरी पुढच्या पहाटे भद्रसेनाने परळ भरला. पाखरे लांबच्या भिंतीवर येऊन बसत, चोची उघड्या टाकून धापा टाकीत, पण तो दिसला की उडून जात. काही दिवस त्याने हे पाहिले आणि मग त्याच्या लक्षात आले की त्यांना परळाची भीती नाही, आपली आहे. त्याने तिथेच ठरवले. अंधार असतानाच पाणी भरायचे, कण्या टाकायच्या, आत यायचे आणि मागचे दार लावून घ्यायचे. उजेडी परसात पाऊल टाकायचे नाही.

मंदारिकेला राहवेना. "ज्यांच्यासाठी एवढं केलंत त्यांना नुसतं बघायचंही नाही? असला कसला हट्ट!"

"बघण्यासाठी पाणी ठेवीत होतो, तेव्हा ते माझं सुख होतं," तो म्हणाला. "आता त्यांची तहान आहे."

पावसाळा गेला, थंडी गेली, पुन्हा उन्हाळा आला. त्याचा नेम एक दिवसही चुकला नाही.

इकडे राजाने कंबलाकडून रानातली पाखरे धरून आणवली होती. सोन्याच्या गजांआड ती मुकी बसून राहिली, एकेक मरू लागली. शेवटी राजानेच पक्षीगृहाचे दार उघडले आणि एका सकाळी तो एकटाच भद्रसेनाच्या घरी आला. भद्रसेन मिटलेल्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसला होता. दारापलीकडून पाण्यातली पंखांची फडफड आणि चिमण्यांचा कालवा ऐकू येत होता. मध्येच एका दयाळाने लांब शीळ घातली. राजाचा चेहरा उजळला आणि त्याचा हात कडीकडे गेला.

भद्रसेनाने राजाचा हात धरला. "नको, महाराज. दार उघडलं तर दिसतील. पण उडून जाताना दिसतील."

राजाने हात मागे घेतला. जन्मात पहिल्यांदाच हवी असलेली गोष्ट त्याने सोडून दिली आणि तो भद्रसेनाशेजारी जमिनीवर बसला.

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंचे गुरू भगवंतांनी, समोर बसलेल्या पुण्णक भिक्षूकडे पाहिले. विहाराच्या अंगणात पाणी ठेवूनही पाखरे येत नाहीत म्हणून तो कालपासून रुसला होता. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा पृथुधर राजा म्हणजे हा पुण्णक. तेव्हाही त्याला घाईच होती. मंदारिका म्हणजे उपासिका सोमिला. कंबल पारधी आज भिक्षू होऊन तुमच्यातच बसला आहे. त्याचे नाव मी सांगत नाही, त्याचे त्याला कळले आहे. आणि भद्रसेन अमात्य मीच होतो. भिक्षूंनो, एकदा ठरवलेले सोडू नये आणि त्याचे फळ आपल्याच डोळ्यांना दिसावे असेही मागू नये. यालाच अधिष्ठान, म्हणजे अढळ निश्चय, म्हणतात."