राखेत नसलेलं तिकीट

बाजाराच्या एका गावात सोपान नावाचा भडभुंजा राहत असे. चुरमुरे-लाह्या भाजाव्यात तर त्यानेच. पण दर सणाला लॉटरीचं बंपर तिकीट घ्यायचं, हा त्याचा जुना नाद. आजवर त्याला एकदाही काही लागलं नव्हतं.

त्या दिवाळीला त्याने नवी शक्कल लढवली. भिकोबा माळी त्याचा जिवलग मित्र. त्याच्या हाताला गुण आहे, त्याने लावलेली वाळकी काडीसुद्धा फुटते, असं सारा गाव म्हणे. सोपान त्याला लॉटरीच्या टपरीवर घेऊन गेला. "तू उचल. लागलं तर अर्धं तुझं!" भिकोबा हसला, एक तिकीट उचलून दिलं आणि झेंडूला पाणी द्यायला निघून गेला.

सोपानच्या जिवाला मात्र घोर लागला. आधी वाटे, नाही लागलं तर? मग वाटू लागलं, लागलं तर? अर्धं द्यावं लागणार! नुसतं तिकीट उचलायचं एवढं मोल? भट्टीपुढे बसून तो सारखा बंडीचा खिसा चाचपी, आणि तिकडे लाह्या करपत. भिकोबा सकाळी नेहमीसारखा चहाला आला, तरी सोपान चटकन खिशावर हात ठेवी. हा वाट्यावर डोळा ठेवूनच येतो, असं त्याला वाटे.

सोडतीच्या आदल्या दिवशी त्याला राहवेना. भिकोबा येताच तो तोंड पाडून म्हणाला, "तिकीट हरवलं गड्या. भट्टीपाशी पडलं असंल, राखंबरोबर गेलं."

"अरारा!" एवढंच म्हणून भिकोबा उठला. सोपानला हायसं वाटलं. आता सगळं आपलंच.

दुपारी बायको धावत आली. "अहो, भिकोबा भावजी आपल्या परसातली राख उपसत होते. आत निखारे होते. हात पार भाजलाय त्यांचा!"

सोपान धावत गेला. भिकोबाने उजव्या हाताला ओलं फडकं गुंडाळलं होतं. तो ओशाळून म्हणाला, "समदा ढीग बघितला. न्हाई गावलं."

"अर्ध्या वाट्यापायी एवढं?" सोपान पुटपुटला.

"कसला वाटा?" भिकोबाला काही आठवेना. "दर सणाला आस लावून बसतोस, म्हणून शोधलं."

खिशातलं तिकीट सोपानला चटके देऊ लागलं. पण ते बाहेर काढायला त्याचा हात धजेना.

दुसऱ्या दिवशी सोडत निघाली. सोपानचा नंबर कुठेच नव्हता. संध्याकाळी भिकोबाच त्याची समजूत घालायला आला. "तिकीट गावलं असतं तर यंदा नक्की लागलं असतं बघ. माझंच शोधणं कमी पडलं."

पुढेही भिकोबा रोज चहाला येत राहिला. सोपानला मात्र त्याच्याकडे मान वर करून कधी बघता आलं नाही.

तात्पर्य: जे धन अजून हाती आलेलंच नाही, त्याच्या वाटेकऱ्याला जो भितो, तो जवळचा मित्र आपल्याच हाताने गमावतो.